ढोलीवाला राजवाडा

आमच्या गावचा राजवाडा सहा हात उंच होता आणि वर्षभर आमच्याच घरात, आढ्याला गुंडाळून टांगलेला असे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की गावातली माणसं नाटक करत. नाटक कोणतंही असो, राजा याच राजवाड्याच्या पडद्यापुढे उभा राही. पडदा बाबांनी रंगवला होता. बाबा धान पिकवणारे. राजवाडा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यामुळे महालापुढे सारवलेलं अंगण होतं आणि सिंहासनाशेजारी धान साठवायची भलीमोठी ढोली, बांबूची, शेणामातीनं लिंपलेली.

या महालाला इतिहास होता. एका पावसाळ्यात उंदरांनी खांब कुरतडला, तेव्हा बाबांनी ठिगळ लावून त्यावर दार काढलं. राणी याच दारानं माहेरी गेली, असं ते मला सांगत. ओल लागून निळा रंग पसरला, त्या वर्षी राजानं तलाव खोदला. दुपारी तणसाच्या गंजीवर पडून डोळे मिटले की मी त्या दारातून आत शिरे. आत खोल्यांमागून खोल्या, सगळीकडे नव्या धानाचा वास, आणि कामाला हाक मारणारं कोणी नाही. तितकं सुख मला पुढे कुठल्याच घरात मिळालं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी भंडाऱ्याला वसतिगृहात राहून शिकू लागले. पुस्तकात खऱ्या महालाचं चित्र पाहिलं आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. दिवाळीत घरी येताच म्हणाले, "बाबा, राजाच्या महालात ढोली नसते. लोक हसतील."

दुसऱ्या दिवशी बाबांनी रंग कालवला, ढोली बुजवली आणि तिथे कारंजं काढलं. ते फुटक्या माठासारखं दिसत होतं, पण मी खूश होते.

मंडईच्या दुपारी बाबा पडदा बांधत असताना शेजारची म्हातारी थबकली.

"काहून जी भाऊ, राजाची ढोली कोठं गेली? धान सरले का?"

आणखी दोघीतिघी जमल्या. त्यांचे चेहरे खरोखरच उतरले होते. कारंज्याकडे कोणी पाहिलंही नाही. ज्याच्या घरी दाणा नाही, तो कसला राजा? आता बाबा माझ्याकडे बोट दाखवणार, म्हणून मी मान खाली घातली.

बाबांनी दोरीची गाठ आवळली.

"राजाची पोरगी भंडाऱ्याले शिकून राहिली ना जी," ते म्हणाले. "तिच्या शिक्षणात रिकामी झाली."

"मंग चालते," म्हणत म्हातारी पुढची जागा धरायला गेली.

बायांसाठी ती राजाची गोष्ट होती. त्या वर्षी माझ्यासाठी आमच्या घरचं बियाण्याचं धानसुद्धा विकलं गेलं होतं. ते मला ठाऊक होतं, आणि तरी ढोली नको असं मीच म्हटलं होतं.