व्हर्ना टीडमनचा नववा नंबर

वॉडेल गावात पाच माणसं शहाणी समजली जात, आणि त्या पाचांना तर याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. दर जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ती ल्यूथरन चर्चच्या तळघरात बसत आणि यादी करत.

आयोवातलं हे आमचं गाव एवढंसं, पण गावाला बेसबॉलचा संघ आहे, वॉडेल मिलर्स. पोरं मात्र आमची नव्हेत. दूरच्या मोठ्या क्लबाने ती करारावर घेतलेली आणि खिडकीत टोमॅटो पिकायला ठेवावेत तशी आमच्याकडे ठेवलेली. एखादं पिकतं, वरच्या पायरीवर जातं, नशीब फळफळलं तर टीव्हीवर दिसतं. बाकीची इथेच नासतात. कोण पिकणार आणि कोण नासणार हे त्या पाचांनी ठरवायचं, एक ते वीस नंबर लावायचे, आणि गुरुवारी ते गावच्या साप्ताहिकात छापून यायचं. मोठ्या क्लबात ही यादी कुणी ढुंकून बघत नसे. पोरं मात्र बघत. ‘छे, आम्ही कुठे वाचतो’ म्हणत आणि बुधवारपासूनच पेपरच्या कचेरीभोवती घुटमळत.

यादीची वही ओरिन बाकेकडे असे. हा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं पायी पत्रं वाटून त्याला माणसाची चाल ओळखता येऊ लागली होती, निदान तो तसं म्हणे. त्याच्यासमोर ड्वेन केसल, औषधाच्या दुकानाचा मालक. त्याने चेंडूचा वेग मोजायचं यंत्र घेतलं होतं आणि मैदानाच्या जाळीमागे बसून प्रत्येक चेंडूवर ते रोखून धरण्यात त्याचे उन्हाळे जात. न्हावी मायलो आणि स्थानिक रेडिओवर सामन्यांचं वर्णन करणारा लीलंड हे दोघे ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने झुकत. पाचवी व्हर्ना टीडमन.

व्हर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं पोरांना वाढलं. नवरा हॅरल्ड गेल्यावर ती दर उन्हाळ्यात एका खेळाडूला घरी ठेवून घेऊ लागली. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. या पोरांना भाड्याची खोली परवडत नाही, मग गावातली घरं एकेकाला उचलतात. व्हर्नाला ना वेग कळे ना चाल. ती ताट बघे. एका वर्षी सगळ्यांनी पहिला नंबर दिलेल्या दणकट पोराबद्दल ती म्हणाली होती, ‘‘हा जेवताना दाराकडे बघतो. टिकायचा नाही.’’

‘‘अगं, दार बघून नंबर लावायचे तर सुतारालाच बोलावू की!’’ ड्वेन म्हणाला होता.

दोन आठवड्यांनी तो पोरगा सामान टाकून घरी पळाला. तेव्हापासून ड्वेनही, यंत्राचे आकडे वाचून झाले की, हळूच विचारी, ‘‘आणि जेवतो कसा?’’

वहीच्या पहिल्या पानावर ओरिनने एक नियम लिहून ठेवला होता. ज्याच्या घरी पोरगा राहतो त्याने त्या पोराचं नाव निघालं की उठून जायचं. व्हर्ना दरवर्षी उठे आणि पलीकडे कॉफी ठेवे. माया आंधळी असते हे तिलाही मान्य होतं.

त्या वर्षी तिच्याकडे ड्वाइट स्टँपर होता. केंटकीच्या डोंगरातला, बावीस वर्षांचा, चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर. त्याला क्लबाने शेवटी शेवटी, उरलेली जागा भरायला घेतलेलं. तो तिकडच्या रीतीने तिला ‘मिस व्हर्ना’ म्हणे, जेवल्यावर भांडी घासे, आणि न सांगता त्याने तिच्या ओसरीची फाटकी जाळी बदलून दिली. हॅरल्ड गेल्यापासून व्हर्ना ओट्याशी उभ्यानेच जेवत असे. त्या उन्हाळ्यात ती टेबलाशी बसून जेवू लागली.

जूनच्या मध्यावर तिला फ्रीजमध्ये गोठवलेल्या वाटाण्याच्या पिशवीचा दगड झालेला सापडला. बर्फासारखी दुखऱ्या जागी धरून पिशवी वितळली आणि पुन्हा गोठली की असा दगड होतो. तिने काही विचारलं नाही, बघत राहिली. ड्वाइट उजव्या हाताचा. पण दुधाचा मोठा कॅन तो डाव्या हाताने उचलत होता. दात डाव्या हाताने घासत होता. सोफ्यावर डुलकी लागली तरी उजवं कोपर उशीवर ठेवलेलं.

सोमवारी तिने नवी पिशवी आणून ठेवली. पुढच्या सोमवारी आणखी एक. तिसऱ्या पिशवीला त्यानेच तोंड उघडलं.

‘‘मिस व्हर्ना, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’’

‘‘डॉक्टरला दाखव रे बाबा.’’

‘‘दाखवलं की संपलं. दुखतं म्हटलं की दुसऱ्या दिवशी बसचं तिकीट हातात देतात. माझ्यासारखे दहा जण रांगेत आहेत.’’ तो हसला. ‘‘मामाने विहिरी खोदायच्या यंत्रावर जागा ठेवलीय माझ्यासाठी. तिथेच जावं म्हणतो. महिनाअखेरीस गुरुवारी तुमची यादी येते ना? त्यात नाव नसलं तर शुक्रवारी बॅग भरतो. नाव असलं तर... मग बघू.’’

‘‘त्या म्हाताऱ्यांच्या यादीला काय विचारतोस!’’

‘‘मला आजवर कुणी कसल्याच यादीत घातलेलं नाही, मिस व्हर्ना.’’

जुलैच्या शेवटच्या सोमवारी तळघरात ड्वाइटचं नाव निघालं आणि व्हर्ना कॉफीकडे गेली. मधली भिंत लाकडी फळ्यांची, सगळं ऐकू येत होतं.

‘‘नववा नंबर,’’ ड्वेन म्हणत होता. ‘‘गेल्या पाच सामन्यांत ताशी त्र्याण्णव मैल, चौऱ्याण्णव मैल. माझं यंत्र खोटं बोलत नाही.’’

‘‘तू गोळ्या मोज, पोरं मोजू नकोस,’’ ओरिन म्हणाला. ‘‘त्याचा हात खाली यायला लागलाय. फेकला की तोंड वाकडं करतो. मी तर यादीतच घालणार नाही त्याला.’’

‘‘तोंड वाकडं! अरे, तुझं तर पेन्शन घेतानाही वाकडंच असतं.’’

या वेळी लीलंड ड्वेनकडे गेला आणि मायलो ओरिनकडे. दोन-दोन. अर्धा तास खेचाखेच झाली, कॉफी कडू झाली, आणि मग ओरिनने जे कधी केलं नव्हतं ते केलं. हाक मारली.

‘‘व्हर्ना, इकडे ये. नियम मीच लिहिला, मीच मोडतो. पोरगा तुझ्या घरात आहे. तुझ्या नजरेतून सुटत नाही काही. हात दुखतोय का त्याचा?’’

चौघे तिच्याकडे बघत होते. तिने पदरचं एकही खोटं सांगितलं नाही.

‘‘भूक चांगली आहे त्याची,’’ ती म्हणाली.

‘‘बघ! भूक चांगली आहे!’’ ड्वेनने टेबलावर थाप मारली.

‘‘मग मत?’’ ओरिनने विचारलं.

तिने हात वर केला. ‘‘नववा द्या.’’

आता गावात काही जण म्हणतात की तिला पोराचं मन मोडवलं नाही. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं तिने स्वतः मला सांगितलं, म्हणून लिहितो. हात वर करताना तिच्या डोळ्यांसमोर ड्वाइट नव्हता, तिचं स्वयंपाकघर होतं. शुक्रवारी ते रिकामं होणार होतं. सप्टेंबरपर्यंत तरी तिला कुणीतरी समोर बसून जेवायला हवं होतं.

गुरुवारी ड्वाइटने साप्ताहिकाच्या चार प्रती आणल्या. एक कापून आईला पाठवली. त्या संध्याकाळी त्याने मक्याची पाच कणसं खाल्ली आणि मामाला फोन करून सांगितलं की जागा दुसऱ्या कुणाला दे. नंतर तो व्हर्नाला म्हणाला, ‘‘नववा, मिस व्हर्ना! आता काय दुखायचं ते दुखू दे.’’

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, सहाव्या डावात, दिवसाउजेडी ते घडलं. व्हर्ना तिसऱ्या रांगेत होती. चेंडू कुठेतरी जाळीवर जाऊन आदळला, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज पहिल्या चार रांगांनी ऐकला. ड्वाइट खाली पडला नाही. त्याने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं आणि तो उभा राहिला, दुधाचा कॅन धरायचा तसाच ते धरून. मग त्याने जाळीमागे बघितलं. व्हर्ना म्हणते, माझ्याकडे बघितलं. ड्वेनला वाटलं, माझ्या यंत्राकडे.

शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली. एक शीर कायमची गेली. उजव्या हाताची दोन बोटं मिटेनात. वसंतात क्लबाने त्याला दोन ओळींचं पत्र देऊन मोकळं केलं. मामाच्या यंत्रावर तोवर दुसरा माणूस लागला होता, आणि नसता लागला तरी तिथे दोन धड हात लागतात. ड्वाइट आता केंटकीत, आपल्या गावाकडच्या पेट्रोल पंपावर गल्ल्याशी बसतो.

ड्वेनने यंत्र विकून टाकलं. जाळीमागे बसणं सोडलं. दुकानात कुणी सामन्याचा विषय काढला की तो मागच्या खोलीत जाई. ‘‘आकडे ओरडून सांगत होतो मी,’’ तो मायलोला म्हणाला होता. ‘‘तो ऐकत होता. प्रत्येक चेंडूनंतर माझ्याकडे बघायचा. मीच तोडला त्याचा हात.’’ मायलोने हे अर्ध्या गावाला सांगितलं. व्हर्नाच्याही कानावर आलं. ती गप्प राहिली. अकरा महिने गप्प राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिने कुणालाही घरी ठेवून घेतलं नाही.

मग पुन्हा जुलैचा शेवटचा सोमवार आला. ओरिनने ड्वेनला जवळजवळ ओढतच आणलं. आधी जुनी यादी वाचायची आणि गळालेल्या नावांपुढे कारण लिहायचं, ही रीत. पहिला वरच्या पायरीवर गेला. चौथ्याची दुसऱ्या क्लबाशी अदलाबदल झाली. ओरिन नवव्यापर्यंत आला आणि थांबला.

व्हर्नाने पिशवीतून एक पत्र काढलं. ‘‘हे गेल्या आठवड्यात आलंय,’’ म्हणाली आणि वाचू लागली.

‘‘मिस व्हर्ना, डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नका. लीलंडनी फोनवर सांगितलं की मतं दोन-दोन झाली होती आणि तुम्ही हात वर केलात. तुम्ही नसता तर मी त्याच शुक्रवारी घरी आलो असतो, आणि आज मामाबरोबर विहिरी खोदत असतो, आणि मी कधी कुणीतरी होतो हे मला कळलंच नसतं. ते कात्रण आईने काचेत बसवून भिंतीवर लावलंय. कुणी आलं की दाखवते. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. यंदा नववा कोण, तेवढं कळवा.’’

तिने पत्राची घडी घातली. मग व्हर्नाने वाटाण्यांच्या पिशव्यांचं सांगितलं. पहिल्यापासून, सोमवारच्या सोमवारी. काही वगळलं नाही.

‘‘वर्षभर, व्हर्ना,’’ ड्वेन म्हणाला. ‘‘वर्षभर मला धड झोप नाही. दर महिन्याला तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बांधून देत होतो मी. एकदा तरी तोंड उघडायचंस.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली.

‘‘मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?’’

‘‘ओरिनने विचारलंच होतं.’’

ड्वेन उठला, टोपी घेतली आणि जिना चढून गेला. तो पुन्हा त्या तळघरात आला नाही. ओरिनने नवव्या नावापुढे कारण लिहिलं नाही. रकाना तसाच मोकळा ठेवून त्याने पान उलटलं आणि चष्मा पुसत म्हणाला, ‘‘चला, यंदाचं घेऊ.’’

त्या वर्षी यादी चौघांनीच केली. व्हर्नाने कुणाच्याही ताटाबद्दल काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

घरी येऊन ती ड्वाइटला पत्र लिहायला बसली. हात वर केला तो त्याच्यासाठी नव्हे, आपल्या स्वयंपाकघरासाठी, हे त्याला सांगायचं, असं ठरवूनच बसली होती. मग तिला ती काच दिसू लागली, भिंतीवरची, आणि आल्यागेल्याला हात धरून तिच्यासमोर उभी करणारी त्याची आई. तिने यंदाच्या नवव्या पोराचं नाव लिहिलं. तो कुठला, किती उंच, हेही लिहिलं. शेवटी विचारलं, जेवतोस ना नीट? आणि पाकीट चिकटवून ती ओट्याशी उभ्याने जेवली.