आमच्या विहिरीचं गोडं पाणी

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही, आणि एमएस्सीच्या प्रकल्पात वाट बघण्याखेरीज कामच नव्हतं. जिवाणू वाढेपर्यंत थांबा, मोजायच्या आधी थांबा. मी दर दहा मिनिटांनी इन्क्युबेटरचं दार उघडायचे आणि मार्गदर्शक मॅडमची बोलणी खायचे.

प्रयोग तसा सोपा. खारट द्रावणात वाढणारा जिवाणू तग धरायला पोटात बरंच काही साठवतो. त्याला एकदम गोड्या पाण्यात टाकलं की पाणी आत घुसतं आणि तो टम्म फुगतो. आता फुटणार, इतका ताण आला की त्याच्या आवरणातल्या बारीक वाटा उघडतात, साठवलेलं भसकन बाहेर पडतं आणि जीव वाचतो. माझ्याकडे दोन वाण होते. एकाला या वाटा होत्या, दुसऱ्याच्या काढून टाकलेल्या. हा दुसरा मरायला हवा होता. तो बऱ्यापैकी मजेत जगला.

"फ्लास्कची अदलाबदल केलीस," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपर्यंत नीट निकाल आला नाही तर प्रकल्प पुढच्या वर्षी."

माझं डोकंच फिरलं. मिठागरात उन्हात उभं राहून वडिलांनी मला माणिकपूरला शिकायला धाडलं होतं. वर्ष वाया गेलं हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? दुपारभर मी प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होते.

त्यात नळाला पाणी नव्हतं. बाटल्या धुणाऱ्या मावशींनी माझ्या कोपऱ्यातल्या कॅनमधलं पाणी घेऊन चहा टाकला. मॅडमनी एक घोट घेतला आणि बेसिनकडे धावल्या. मावशी ओरडल्या, "अगं, मीठ पडलं की काय यात?"

माझा अर्धा कप संपला होता. मला खारट काहीच लागलं नव्हतं.

कॅनमध्ये आमच्या विहिरीचं पाणी होतं. डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बिघडलं होतं, दुरुस्तीवाल्याची वाट बघायला मला कुठला धीर! घरचं पाणी आणलं, निर्जंतुक केलं, वापरलं. ही विहीर मिठागराच्या बांधाला लागून आहे. तिचं पाणी गोडं, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. ते असं खारट, म्हणून माझ्या जिवाणूंना गोड्या पाण्याचा धक्का असा बसलाच नव्हता.

विकतचं डिस्टिल्ड पाणी आणून सगळं पुन्हा केलं. वाटा नसलेले फुटून मेले, वाटा असलेले जगले. सोमवारी मॅडमनी सही केली.

घरी आले तर वडील ग्लास घेऊन ओट्यावर उभे. "घे, दमलीस. आपल्या इहिरीसारखं गोडं पानी कुठं मिळायचं न्हाय."

पहिल्यांदाच ते मला खारट लागलं. मी ग्लास संपवला, "गोडं हाय," म्हटलं, आणि ते खूश झाले.

आता मी स्टेशनवरून पाण्याची बाटली घेते. घराच्या वळणावर, वडिलांना दिसणार नाही अशी उभी राहून ती संपवते, आणि मग आत जाते.