हरण्याची नोकरी

लातूरच्या एका जुन्या क्लबात नरसिंग सूर्यवंशी मार्कर होता. मार्करनं टेबलावर बॉल मांडायचे, गुण सांगायचे, हिरव्या कापडावरून ब्रश फिरवायचा आणि एखादे मेंबर एकटेच आले तर त्यांच्याशी पूलचा डाव खेळायचा. हे शेवटचं काम सगळ्यात नाजूक. कोर्ट, दवाखाना, आडत उरकून दमून आलेल्या माणसाला जिंकून घरी जायचं असतं, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. एका कंत्राटदाराला त्यानं सलग तीन डाव हरवलं, तर दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावून घेतलं.

"तुला इथं राहायचं हाय का न्हाई?"

शिरूर अनंतपाळहून आलेला माणूस, घरात नवी बायको. नरसिंग हरायला शिकला.

आणि फार चांगला शिकला. पूलमध्ये आपले सात बॉल घालायचे आणि मग काळा. नरसिंग सहा घालायचा, सातवा पॉकेटच्या तोंडाशी बोटभर अंतरावर थांबवायचा आणि पांढरा बॉल समोरच्याला सोयीचा पडेल असा सोडायचा. समोरचे साहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणायचे, "आज थोडक्यात वाचलो रे नरसिंग." भीमाशंकर वकील तर रोज संध्याकाळी सहाला यायचे, दोन डाव जिंकायचे आणि बाहेरच्या सोफ्यावर बसून ते डाव चारजणांना पुन्हा खेळून दाखवायचे. असं बारा वर्षं चाललं.

सकाळी क्लब उघडायच्या आधी मात्र नरसिंग एकटा खेळायचा. तेव्हा एकेक बॉल सांगितल्यासारखा पॉकेटात जायचा. बघायला कुणी नसायचं.

हे पहिल्यांदा ओळखलं ते निलंग्याच्या गुरुपादप्पांनी. तुरीचे मोठे व्यापारी, कुणाचे तरी पाहुणे म्हणून क्लबात आले होते. कोपऱ्यात बसून त्यांनी तीन डाव बघितले आणि निघताना नरसिंगला गेटपाशी गाठलं.

"तू मुद्दाम हारून राहिलास."

"न्हाई मालक."

"तो शेवटचा बॉल. घालायला लागतो त्यापेक्षा जास्त हात तो तसा चुकवायला लागतो. मी चाळीस वर्षं आडतीत माणसं बघून राहिलोय."

क्लबाला सोमवारी सुट्टी. त्या सोमवारपासून गुरुपादप्पांच्या जीपमधून दोघं फिरू लागले. उदगीर, देगलूर, बिदर, नांदेड. गावागावात पूलची पार्लरं निघाली होती आणि पैजेवर खेळणारी हौशी मंडळी होती. नरसिंग झिजलेल्या चपला घालून, खांदे पाडून आत शिरायचा. पहिले दोन डाव हरायचा. मग पैज वाढायची. गुरुपादप्पांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की जिंकायचं, तेही एकाच बॉलनं, म्हणजे समोरच्याला वाटावं की नशीब फिरलं. टोपी डोक्यावर असेपर्यंत हरत राहायचं.

गुरुपादप्पा वाटणीला चोख होते. नरसिंगच्या घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला. मुलगी धम्मप्रिया नर्सिंगच्या कॉलेजात गेली. हरणारे सगळे खात्यापित्या घरचे, त्यामुळे नरसिंगला झोप येईना असंही काही नव्हतं.

पण एका सोमवारी नांदेडला वेगळंच झालं. बॉल फुटले, पांगले आणि नरसिंगला सगळा डाव एकदम दिसला. पहिला इथं, त्यावरून दुसरा तिकडं, थेट काळ्यापर्यंत, एकही अडथळा नसलेला. असं आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. त्यानं मान वर केली. टोपी डोक्यावरच होती. त्यानं दोन बॉल घातले आणि तिसरा चुकवला.

घरी आल्यावर तो जेवला नाही. बायको सरजाबाई अंगणवाडीत मदतनीस होती, उद्याच्या खिचडीची डाळ निवडत बसली होती. तिनं विचारलं तसा तो हळूहळू सगळं बोलला.

"इतकी वर्सं झाली, एकदा बी पुरा डाव खेळलो न्हाई मी. क्लबात हारायचं, बाहेरगावी बी हारायचं. जिंकायचं ते बी दुसऱ्याच्या टोपीवर. मला किती येतं, हे माझं मलाच ठाव न्हाई."

सरजाबाईनं डाळीतला खडा बाजूला टाकला. "मग खेळा की एकदा. कुनी धरलंय तुमाला?"

नांदेडला मराठवाड्यातल्या खेळाडूंची खुली स्पर्धा होती. नरसिंगनं नाव दिलं. गुरुपादप्पांना ते कळलं तेव्हा ते जीपमध्येच बसून होते.

"तोंड ओळखीचं झालं की संपलं बघ. मग कोन खेळंल तुझ्यासंगं?"

"हाव मालक."

"कळतंय ना? मग कामून?"

"बघायचं हाय," एवढंच नरसिंग म्हणाला. यापेक्षा नीट त्याला सांगता आलं नसतं. गुरुपादप्पांनी जीप चालू केली.

रविवारी नवराबायकोनं सकाळची एसटी धरली. सरजाबाईनं भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. तिनं नवऱ्याचा खेळ कधीच बघितला नव्हता. हॉलमध्ये चार टेबलं होती, खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि माईक होता. माईकवरून नाव आलं, "नरसिंग मारुती सूर्यवंशी, लातूर." क्लबात इतक्या वर्षांत त्याच्या बापाचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच सामन्यात हात ऐकेना. सोपा बॉल समोर यायचा आणि नेमक्या वेळी मनगट आपोआप ढिलं पडायचं. इतक्या वर्षांची सवय अशी अंगात मुरली होती की चुकायचं नसतानाही तो चुकत होता. सरजाबाईला खेळातलं काही कळत नव्हतं. पण घरी कुणी साहेब आल्यावर नवरा जसा अंग चोरून उभा राहतो, तसाच तो त्या टेबलापाशी उभा आहे, हे तिला दिसलं. मधल्या सुट्टीत तिनं पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"कुनाचं मन राखून राहिलात? त्यो काय तुमचा साहेब हाय का?"

नरसिंगला हसू आलं. त्यानं तोंडावर पाणी मारलं, क्यूच्या टोकाला खडू घासला आणि परत गेला. तो सामना त्यानं काढला. पुढचा काढला, त्याच्या पुढचाही. तिसऱ्या सामन्याला बाजूच्या टेबलावरची माणसं खुर्च्या वळवून बसली.

उपांत्य फेरीत समोर उज्वलाताई आल्या. देगलूरच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी नरसिंगला काहीच फुकट दिलं नाही. चार-चार डावांची बरोबरी झाली आणि शेवटच्या डावात दोघांसमोर फक्त काळा उरला. नरसिंगची पाळी होती. लांबचा, तिरका बॉल. त्यानं नीट बघितलं, श्वास रोखला, मनगट कुठंही ढिलं पडू न देता मारला. काळा पॉकेटच्या कडेला आपटून बाहेर आला. उज्वलाताईंनी तो शांतपणे घातला.

"सर, तुम्ही कुठं शिकलात?" हात मिळवताना त्यांनी विचारलं.

"क्लबात, मॅडम. बघून बघून."

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होता.

"हारलात न्हवं? मग हसून कामून राहिलात?" सरजाबाई म्हणाली.

"आज खरंच हारलो गं," तो म्हणाला. "लई जोर लावला आन् हारलो."

मंगळवारच्या पेपरात पहिल्या चौघांचा फोटो आला. गुरुपादप्पांचा फोन आला. "फोटो झकास हाय. आपलं सोमवारचं बंद झालं म्हन आता." आवाजात राग नव्हता. धम्मप्रियाच्या लग्नात ते जोडीनं आले आणि पोटभर जेवून गेले.

भीमाशंकर वकील मात्र पेपर वाचल्यापासून आठ दिवस क्लबात फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले, टेबलाच्या खोलीचं दार आतून लावलं.

"इतकी वर्षं, नरसिंग?"

"हाव साहेब."

"यात मी खरा किती वेळा जिंकलो?"

खोटं बोलणं सोपं होतं. नरसिंगनं आठवून बघितलं. "एकदा. तुमच्या नातीचं बारसं होतं त्या दिवशी. मला ताप होता."

वकिलांनी काळा कोट खुंटीला अडकवला. "मांड बॉल. आज माझ्यावर मेहेरबानी करायची नाही."

दहा मिनिटांत ते हरले. दुसऱ्या दिवशी आले आणि पुन्हा हरले. तिसऱ्या आठवड्यात ते विचारू लागले की हा बॉल का चुकला, पाय कुठं ठेवायला हवा होता. चौथ्या महिन्यात त्यांनी एक डाव जिंकला, खरा, आणि त्या दिवशी ते कुणाला काही न सांगता थेट घरी गेले. कंत्राटदार आणि आणखी दोघा मेंबरांनी नरसिंगशी खेळणं सोडलं. मॅनेजर काही बोलला नाही, कारण वकील कमिटीवर होते.

आता नरसिंगला क्लब सोडून तीन वर्षं झाली. कोचिंग क्लासेसच्या भागातल्या एका पार्लरमध्ये तो दुपारी शिकवतो, आणि शिकणारे त्याला सर म्हणतात. गेल्या हिवाळ्यात सोलापूरला वयस्कर खेळाडूंची स्पर्धा होती, तिला तो आणि भीमाशंकर वकील बरोबरच गेले. वकील पहिल्याच फेरीत बाद झाले, नरसिंग तिसऱ्या. परत येताना तुळजापूरच्या पुढं एसटी निम्मी रिकामी झाली. वकिलांनी पिशवीतून दोन लिंबं काढून सीटवर ठेवली आणि आपला शेवटचा शॉट कसा व्हायला हवा होता ते दाखवू लागले. गाडी वळली की लिंबं घरंगळत होती. नरसिंगनं एक लिंबू हातानं धरून ठेवलं.

"इथून न्हाई साहेब," तो म्हणाला, "जरा अलीकडून."