परक्या गाडीचं कुलूप

माझ्या सासूबाईंना आमच्या भागात सगळे गाडीमावशी म्हणत. शाळेच्या मुलांची व्हॅन त्या चालवायच्या. सासरे गेले तेव्हा माझा नवरा अजून शिकत होता आणि दारात सासऱ्यांची ही व्हॅन उभी होती. जो तो म्हणाला, विकून टाका. सासूबाईंनी विकली नाही, त्या गाडी शिकल्या. शिकताना फाटकाचा खांब पाडला, तो स्वतःच सिमेंट कालवून पुन्हा उभा केला. पण त्यानंतर इतकी वर्षं मुलांची ने-आण केली, एकाही पोराला ओरखडा उठू दिला नाही.

मुलं सिग्नलला दारं उघडायची, म्हणून त्यांनी पुलाजवळच्या दुकानातून रिमोटचं लॉक बसवून घेतलं. एकदा बँकेसमोर त्यांनी बटण दाबलं, तर व्हॅनबरोबर पलीकडच्या राखाडी गाडीनेही दिवे मिचकावले आणि तिची कुलपं उघडली. पुन्हा दाबून त्यांनी ती बंद केली. घरी आल्या त्या हसतच.

"अगं, आपल्या व्हॅनला गावात सख्खी बहीण निघाली!"

"दुकानदाराला सांगितलंत का?"

"सांगितलं तर. म्हणतो, स्वस्तातला माल मावशी, एका खोक्यातले चार जुळतात कधी कधी. कोणाला कळतंय?"

गोष्ट तिथेच विसरली गेली.

उन्हाळ्यात एका दुपारी मुलांना सोडून त्या परतत होत्या. दवाखान्यासमोर गर्दी दिसली. मध्ये तीच राखाडी गाडी. तिच्या मालकाने अर्धांगवायू झालेल्या वडिलांना मागच्या सीटवर बसवलं होतं, किल्ली पुढे टाकून व्हीलचेअर आणायला वळला होता आणि दारं आपोआप लॉक झाली होती. काचा बंद, ऊन रणरणतं. आत म्हातारबुवा घामाने निथळत होते, आणि हात उचलून कडी काढायची ताकद त्यांच्यात नव्हती. कुणीतरी दगड उचलला होता, पण काच नेमकी त्यांच्या तोंडावर आली असती.

सासूबाई गर्दीत घुसल्या. "थांबा, थांबा! मला बघू द्या." बटण दाबलं. टक् आवाज झाला आणि दार उघडलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकाने हात जोडले. म्हातारबुवांना पाणी पाजलं, ते सावरले. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता, तो संध्याकाळपर्यंत फोनाफोनांवर पोचला. दोन दिवस आमच्या घरी कौतुकाची रीघ लागली होती.

मग गाड्या उघडायला लागल्या. आज कुणाची बॅग गेली, उद्या कुणाचा लॅपटॉप, आणि काच मात्र कुठेच फुटलेली नाही. तोच व्हिडिओ पुन्हा फिरला, पण आता त्याच्या खाली लोक वेगळंच लिहीत होते. पोलीस घरी आले. अधिकारी बोलायला सभ्य होते, पण शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या त्या उघडल्याच. सासूबाईंनी रिमोट त्यांच्या हातावर ठेवला. "ठेवा तुमच्याकडे. माझी व्हॅन मी किल्लीने उघडेन."

रिमोट गेला तरी चोऱ्या थांबल्या नाहीत. "दुसरा असेल तिच्याकडे," लोक म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! एकेक आई फोन करायची, "तसं काही नाही हो मावशी, पण हिचे बाबाच सोडतील आता." व्हॅन रिकामी होत गेली. शेवटी एका मुलासाठी त्या तेवढाच फेरा मारायच्या, तेवढ्याच वेळेवर. माझा नवरा चिडला. "आई, सोड ना हे काम. मी आहे की."

"मुलं मोठी होऊन गेली असती तर सोडलं असतं," त्या म्हणाल्या. "असं नाही सोडणार."

दुकानदाराने तर कानांवर हात ठेवले. आपल्या मालात असं होतच नाही म्हणाला. तेव्हा सासूबाई मला घेऊन राखाडी गाडीवाल्यांकडे गेल्या.

"तुमचा रिमोट घेऊन एकदा ठाण्यात चला. माझी व्हॅन त्याने उघडते का, एवढंच दाखवायचंय."

तो गृहस्थ जमिनीकडे बघत राहिला. "ताई, उपकार मी विसरलो नाही. पण उघडली तर उद्या लोक माझ्याकडेही बोट दाखवतील."

आतल्या खोलीतून म्हातारबुवांचा आवाज आला. तोंड वाकडं झाल्यामुळे शब्द अडखळत होते. "गाडी काढ. मी पण येतो."

"बाबा, तुम्ही कशाला…"

"काढ म्हणतो ना!"

ठाण्याच्या आवारात दोन्ही गाड्या लावल्या. म्हातारबुवा मागच्या सीटवर ताठ बसायचा प्रयत्न करत होते. अधिकाऱ्यांनी राखाडी गाडीचा रिमोट घेतला आणि दाबला. आमच्या व्हॅनची दारं उघडली. त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. मग ते जीप घेऊन पुलाजवळच्या दुकानात गेले. चोरी झालेल्या गाड्यांची लॉकंही तिथलीच निघाली. तिथल्या खोक्यातले रिमोट तपासले, विकत कोणी कोणी नेले ते विचारलं. गाडी नसलेल्या एका माणसाने बरेच नेले होते. पंधरवड्यात तो चोरीच्या मालासकट सापडला.

दुसऱ्याच दिवशी आमच्या शेजारची एक आई दोन्ही मुलांना घेऊन दारात आली. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"मावशी, लोक बोलत होते म्हणून हो. आमच्या मनात तसं कधीच नव्हतं."

सासूबाईंनी मान वर केली. "मनात असतं तर बरं झालं असतं. निदान तुम्ही मला येऊन विचारलं तरी असतंत."

ती बाई रडवेली झाली. सासूबाईंनी धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. "उद्या फाटकाशी उभी राहा गं. डबा विसरू नकोस."

काही मुलं परतली, काही नाही. एका संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ती धाकटी आज गाडीत विचारत होती, मावशी, तुम्ही चोर होतात का? म्हटलं, नाही. तर म्हणते, मग तुम्ही सगळ्यांना सांगितलं का नाही?"

"मग काय म्हणालात?"

"काय म्हणणार? शाळा आली." "सांगायला हवं होतं का गं दारोदार जाऊन? इतकी वर्षं पोरं हातात दिली त्यांनी, तरी?"

एवढ्या सगळ्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं. मी गॅस बंद केला आणि त्यांना जवळ घेतलं.