बोट दाखव

सकाळी नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीतल्या बायका आधी एकमेकींना बोट दाखवतात, मग हंडा लावतात. याच बोटानं त्या वर्षानुवर्षं मिश्री लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दातांवर घासल्याशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे. बोटाचं टोक कायम काळं. पाहुणे आले की आई ते पदरात लपवायची. एकमेकींचं बघून लागलेली ही सवय सुटलीही एकमेकींच्या धाकानंच.

मतदानाच्या दिवशी डावखुऱ्या आईच्या नखापाशी काळा डाग दिसला. शेजारच्या शांताकाकूंनी तिचं मनगटच धरलं.

"काय गं, परत लावलीस?"

"डोळे फुटले का तुझे? सगळ्यांच्या आधी मत देऊन आलेय!"

नळावर हशा पिकला. आई मात्र ते बोट दिवसभर मिरवत राहिली. भाजी घेताना, दारात उभं राहून बोलताना, उगाचच वर धरलेलं. आईला इतक्या ऐटीत मी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी शांताकाकूही मत देऊन आल्या. घरी न जाता थेट आमच्या दारात. शाईचं बोट आईसमोर धरून म्हणाल्या, "घे बाई, तपासून घे."

आईनं खरंच तपासलं.