साच्याची शिवण

जावेच्या मनगटातून रक्त वाहत होतं आणि मी परातीतल्या काचांकडे बघत होते. एकच फुटलंय, दुसरं अजून बाकी आहे, हे पहिलं माझ्या मनात आलं. नंतर मी लुगड्याचा पदर फाडून तिचा हात बांधला.

ती शमादानं होती. मेणबत्ती लावायची, वीतभर उंच, जाड काचेची जोडी. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा भुसावळच्या रेल्वेच्या बंगल्यांतलं सामान विकायला निघालं. जावेच्या बापाने त्यातून ती घेऊन लेकीला दिली. माझ्या बापाने मला पितळी तांब्या दिला होता. चोपड्याजवळच्या आमच्या गावात बायका मुद्दाम ती जोडी बघायला येत. हाताने कोरलेली आहे, असं जाऊ सगळ्यांना सांगायची. माझा तांब्या कुणी बघितला नाही.

जळगावचे चुडीवाले चाचा वर्षातून दोनदा यायचे. तरुणपणी ते काचेच्या कारखान्यात होते. त्यांनी शमादान उचलून नख फिरवलं आणि हसले. कोरलेलं नाही, म्हणाले. लोखंडी साच्यात वितळल्या काचेचा गोळा सोडतात, वरून दांडा दाबतात, साचा उघडला की नक्षीसकट तयार. साच्याचे दोन अर्धे भाग जुळतात तिथे अंगावर बारीक शिवण राहते. जावेचा चेहरा उतरला. ती चाचांसाठी दाणे आणायला आत गेली. मला फार बरं वाटलं.

ती आत असताना चाचा पुढचं बोलले. साच्यातून काढलं की भट्टीत ठेवून हळूहळू निववतात. घाईने निवलं तर काचेत ताण राहतो. "सून, यावर गरम पाणी कधी नको घालू. तडकेल."

शिवणीचं मी गावभर सांगितलं. पाण्याचं कुणालाच नाही.

त्या दिवाळीत जावेने पहिल्यांदाच त्यात मेणबत्त्या लावल्या. सकाळी मेण चिकटून बसलेलं. आमच्याकडे भांडी पितळेची, कढत पाणी आणि राख लावली की निघालं. तिने मला विचारलं, याचं काय करू?

"उकळतं ओत," मी म्हटलं.

शमादान थंडगार होतं. पाणी पडताच कडकन आवाज झाला. वरचा भाग कलंडला आणि तिने तो झेलायला हात घातला. तशा हातानेही ती तुकडे गोळा करत होती. "मन्हा बापनी वस्तू शे ती," एवढंच म्हणाली.

बैलगाडीतून चोपड्याला नेऊन टाके घातले. तिची दोन बोटं पुढे कधी पुरती वळली नाहीत. भाकरी थापताना ती बोटं ताठ राहायची. त्या भाकरी मी वर्षानुवर्षं खाल्ल्या. तिने मला कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

चाचा गेले. सासू गेली. जाऊ म्हातारी होऊन गेली, जाताना उरलेलं शमादान मला देऊन. मी जिवंत आहे.