किन्हीराजाच्या गोविंदाची कुस्ती

दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांत मी हवालदार होतो आणि माझी नेमणूक वऱ्हाडातल्या एका रिक्रूटिंग पार्टीवर होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. आमचं काम सोपं होतं. गावात तंबू ठोकायचा, तरुणांची उंची, वजन, छाती मोजायची आणि त्यांच्यावाचून साम्राज्याचं कसं अडलं आहे हे सांगायचं. हे शेवटचं मेजरसाहेब इंग्रजीत सांगत. तहसीलदार त्याचं मराठी करत, तेव्हा भाषण दुप्पट होई आणि साम्राज्यात तहसीलदारांचाही बराच वाटा निघे.

भाषणाला माणसं येत नाहीत, कुस्त्यांना येतात, हे साहेबांच्या लवकर ध्यानात आलं. म्हणून पौषात मेडशीच्या माळावर दंगल ठेवली. शामियाना, खुर्च्या, बँड, विजेत्याला साहेबांच्या हातून फेटा. दंगलीआधी सकाळी मेडिकल.

आमचे डॉक्टर कॅप्टन होते, कमी बोलणारे. किन्हीराजाच्या गोविंदाची छाती त्यांना दोनदा तपासावी लागली, कारण नळी लावली की तो हसे.

"गुदगुल्या होतात?"

"नाही साहेब. माही छाती इतकं ध्यान देऊन कोणं आयकली नव्हती."

डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं. रांगेत त्याच्या मागे वाशीमचा बशीर होता, नालबंदाचा मुलगा. तोही फिट.

"दोघंही पहिलवान दिसता," मी म्हणालो.

"पहिलवान मी हाय," गोविंदा म्हणाला. "हा बैलाले नाल ठोकते."

"दुपारी तुलेबी ठोकतो," बशीर म्हणाला. "चारी पायाले."

शेवटची कुस्ती त्यांचीच लागली. पंच म्हणून एक म्हातारे वस्ताद होते. बराच वेळ दोघं एकमेकांना जोखत होते. मग गोविंदा खाली वाकून पायात शिरला. बशीर गर्रकन वळला आणि त्याचं कोपर गोविंदाच्या छातीच्या मधोमध लागलं. धक्का मोठा नव्हता. मी आखाड्याच्या कडेला उभा होतो. मला आवाजसुद्धा आला नाही. गोविंदा तसाच पुढे गेला आणि पालथा पडला.

कुस्ती न पाहिलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पाठ मातीला लागली की हार. म्हणून खाली गेलेला गडी पालथा पडतो, छाती मातीला चिकटवतो आणि हलत नाही. वरच्याने त्याला उलथवायचं. तगडा गडी असा पुष्कळ वेळ पडून राहतो आणि लोक त्याच्या न हलण्याचंच कौतुक करतात. गोविंदाचं यात नाव होतं.

"माती धर, गोविंदा," त्याचे गाववाले ओरडत होते. "सोडू नोको."

त्याने सोडली नाही.

"हा हलत का नाही?" मेजरसाहेबांनी विचारलं. तहसीलदारांनी सांगितलं की हीच त्याची कला आहे. साहेबांनी मान डोलावली. डॉक्टर शेजारच्याच खुर्चीत होते, त्यांनीही ऐकलं.

बशीरने मानेत हात घालून पाहिलं, लंगोटाची लांग धरून पाहिली. अखेर गोविंदा उलथला. पाठ लागली. वस्तादांनी हात वर केला, बँड सुरू झाला आणि मेजरसाहेब फेटा घेऊन उठले. बशीर गुडघ्यावर बसून गोविंदाचा गाल थोपटत होता.

"उठ ना बे. झाली कुस्ती."

डॉक्टर धावले. श्वास परत आणायला त्या काळी शिकवत तसे त्याचे हात डोक्यामागे न्यायचे, परत आणून छातीवर दाबायचे, असं ते कितीतरी वेळ करत राहिले. मग थांबले. बँडला कोणी सांगितलं नव्हतं. तो वाजतच होता.

लोकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, मर्मावर मारलं. कोणी बशीरच्या दंडावरच्या ताइताकडे बोट दाखवलं. पोलिसांचा जमादार पुढे आला.

डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं, "बरगडी शाबूत आहे. अंगावर वळ नाही. हृदय सकाळी उत्तम होतं. नको त्या क्षणी धक्का बसला तर असं उत्तम हृदयही थांबतं. मी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं."

"रिपोर्टमध्ये कसं दिसेल हे?" साहेब म्हणाले.

तहसीलदारांनी उष्माघात सुचवला. पौषातला उष्माघात डॉक्टरांना पटला नाही. तेव्हा जमादार बशीरजवळ गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू चीत केलं तवा तो जित्ता होता, मंग काही झालं असंल. येवढंच सांग. तुह्यावर काही येत नाही."

गोविंदाचा बाप रामजी गर्दीतच होता, मुलाची कुस्ती पाहायला आलेला. तो साहेबांकडे गेला नाही. बशीरसमोर येऊन उभा राहिला.

"बाबू, एक सांग. तू त्याची पाठ लावली तवा तो जित्ता होता का?"

हो म्हटलं असतं तर कोपराचा विषय मिटला असता आणि फेटाही राहिला असता. नाही म्हणणं म्हणजे आपल्या हातून माणूस मेला हे चारचौघांत कबूल करणं. जमादार त्याच्याकडे रोखून पाहत होता.

"नाही काका," बशीर म्हणाला. "माह्यं कोपर लागलं तवाच तो गेला. अंग ढिलं लागत होतं. मले वाटलं, नाटक करून राह्यला. मी मुडद्याले उलथवलं."

"मुद्दाम मारलं?"

"नाही."

रामजी वस्तादांकडे वळला.

"वस्ताद, निकाल बदला. माह्या पोराची पाठ लागली नाही."

वस्तादांनी प्रेताशेजारी उभं राहून पुन्हा हात वर केला. कुस्ती बरोबरीत. जमादाराने तक्रारीचं विचारलं. "खेळात लागलं," रामजी म्हणाला. "मले तक्रार नाही." प्रेत बैलगाडीतून किन्हीराजाला नेलं. बैल बशीरने हाकले.

पुढे बशीर भरती झाला आणि आमच्या पलटणीत आला. त्याने पुन्हा कुस्ती धरली नाही. रेजिमेंटच्या सामन्यांच्या वेळी तो खुशीने गार्ड ड्यूटी मागून घेई. ब्रह्मदेशात एक ओढा ओलांडताना त्याला गोळी लागली. त्याच्या मरणात सांगण्यासारखं काही नव्हतं. बहुतेकांच्या नसतं. पलटणीच्या दगडावर त्याचं नाव आहे. गोविंदाचं कुठेच नाही. तो फिट होता, भरती झालेला नव्हता.

मला त्यानंतर लगेच रजा मिळाली. मरणाची खबर देणारा सरकारी कागद माझ्यापेक्षा हळू चालतो हे माहीत होतं. नागपूरकडून वाशीमला येताना मी किन्हीराजाला उतरलो. खरं सांगायचं तर बशीरच्या आईसमोर एकट्याने जायचा धीर नव्हता. रामजी तुरीच्या शेतात होता. त्याने बशीरची बातमी ऐकून घेतली.

"त्याच्या मायले सांगतलं?"

"तिकडेच चाललोय."

"मी सांगतो."

"तुम्ही कशाला?"

"त्यानं मले तोंडावर सांगतलं होतं," रामजी म्हणाला. त्याने हातपाय धुतले, धुतलेलं धोतर नेसला आणि माझ्यापुढे चालू लागला.

वाशीमला नालबंदांच्या गल्लीत बशीरची आई दारातच बसली होती. रामजीला तिने पूर्वी पाहिलं नव्हतं.

"बाई, मी गोविंदाचा बाप," तो म्हणाला.

तिने त्याच्यामागे उभ्या माझ्या वर्दीकडे पाहिलं आणि तिला कळलं. तरी रामजीने तिला सगळं सांगितलं, उभ्यानेच, काही न वगळता.